पाचापासून लो

एक नाशपती म्हणजे नाशपती. दोन, तीन, चार म्हणजे नाशपत्या. पाचवी पिशवीत पडली की चेक भाषेत त्या नाशपत्या राहत नाहीत, नाशपत्यांचं काहीतरी होतं.

*

माणूस खाणीत उतरताना बत्तीघरात आपला पितळी बिल्ला देतो आणि दिवा घेतो. बिल्ला फळीवरच्या खिळ्याला लटकतो. वर आला की तो दिवा देतो आणि बिल्ला घेतो. आत किती माणसं आहेत हे फळी बघून अडाण्यालाही सांगता येतं.

*

खाणीत पिंजऱ्यातून नेतात ती मुनिया चिमणीहून लहान, मुठीत मावते. विषारी वायूचा वास माणसाला येत नाही. मुनियालाही येत नाही, पण ती आधी पडते.

*

मराठीत दोघं असतात, तिघं असतात, चौघं असतात. त्यापुढे तसा शब्द नाही. पुढे नुसते जण.

*

ओस्त्रावा या गावची माणसं सगळे स्वर ह्रस्व उच्चारतात. बाकीचे चेक लोक म्हणतात, यांची चोच आखूड आहे.

*

"काय म्हणून राहिला तो? आसुटकर, लवकर सांगा!"

देशकर साहेब माझ्या डोक्यावर ओणवे झाले होते. ते खाणीचे मॅनेजर. मी रुळांमध्ये गुडघे टेकून कुबीचेकच्या तोंडाशी कान नेला होता. कुबीचेक हा चेकोस्लोव्हाकियातून आलेला इंजिनियर. कामगार त्याला खुबीसाहेब म्हणत. तो ट्रॉलीत आडवा पडला होता आणि त्याच्या डोक्यातलं रक्त कोळशाच्या भुकटीत कालवून घट्ट झालं होतं.

१९७४ सालचा फेब्रुवारी. वणीच्या पलीकडची एक लहानशी खाण. तिला माणसं उतरायची उभी विहीर नव्हती, जमिनीत तिरपा उतरत गेलेला बोगदा होता. रुळांवरून ट्रॉल्या खाली सोडायच्या आणि वरचं इंजिन दोरानं त्या ओढून घ्यायचं. त्या सकाळी पावणेअकराला सातव्या गल्लीचं छत बसलं. पाठोपाठ धूर यायला लागला. कोळसा आतून पेटला होता. अकरा वाजून वीस मिनिटांनी खालून घंटेची तार तीनदा ओढली गेली आणि इंजिनवाल्यानं ट्रॉली वर घेतली, तर तिच्यात कुबीचेक.

चेक भाषा त्या खाणीवर मला एकट्यालाच येत होती. मी नकाशे काढणारा माणूस. खाणीत कोळसा वाहून नेणारा रबरी पट्टा बसवायचं ठरलं, तेव्हा कंपनीनं मला दहा महिने ओस्त्रावाला शिकायला पाठवलं होतं.

कुबीचेकचे ओठ हलले. त्याच क्षणी इंजिनवाल्यानं शिट्टी दिली. दुसरी ट्रॉली सोडायची होती, त्याचं काही चुकलं नाही. शिट्टी थांबली तेव्हा माझ्या कानात वाक्याचा उरलेला भाग पडला.

"...लिदि ताम झुस्तालो. झा पासेम."

मग त्यानं डोळे मिटले.

"माणसं तिकडे राहिलीत," मी म्हणालो. "पट्ट्याच्या मागे."

"किती?"

"आकडा ऐकू नाही आला. शिट्टी वाजली."

"पुन्हा विचारा न मग!"

"कोलिक?" मी कुबीचेकच्या कानात ओरडलो. किती? "कोलिक, पाने इंझेनिरे?"

त्याचे डोळे मिटलेलेच राहिले. कंपाउंडरनं माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलं. कुबीचेकला जीपमध्ये घातलं आणि जीप वणीच्या रस्त्याला लागली. तिथून पुढे त्याला नागपूरला नेलं.

देशकर साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला. "जाऊ द्या. आकडा आपल्याजवळ आहे," असं म्हणून ते बत्तीघराकडे चालू लागले.

बाकीची पाळी धूर येताच वर पळून आली होती आणि कुबीचेकचा बिल्ला कारकुनानं काढला होता. फळीवर चार बिल्ले उरले होते. एकशे बारा, एकशे पंधरा, एकशे तीस, दोनशे सात.

*

बापूराव झाडे हा बचाव पथकाचा प्रमुख. पाठीवर ऑक्सिजनची टाकी, तोंडात नळी, नाकाला चिमटा, अशा अवतारात तो आणि त्याचे सहा जण बारा वाजता आत गेले. एकाच्या हातात मुनियाचा पिंजरा होता. एक वाजून दहा मिनिटांनी ते चौघांना घेऊन बाहेर आले. दोघं छताखाली चेपून गेले होते. दोघांचा श्वास चालू होता, पण शुद्ध नव्हती. बत्तीघरातल्या कारकुनानं चारही बिल्ले खिळ्यांवरून काढले आणि फळी रिकामी झाली.

झाडेनं नाकाचा चिमटा काढला. "साहेब, मुनिया पाच मिंटात पडली. आग मागून सरकून रायली. आता भिंत घाला, नाई तं सारी खाण जाते."

नागपूरहून फोनवरही तेच सांगणं होतं. बोगद्याचं तोंड आणि हवेची विहीर, दोन्ही बंद करा. हवा मिळाली नाही की आग विझते. गवंडी आले. वाळूची पोती ओली करून लावायची आणि त्यांच्यापुढे विटांची भिंत उभी करायची.

देशकर साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. "कुबीचेक काय म्हणाला ते कागदावर लिहून द्या. आधी त्याच्या भाषेत, खाली मराठीत. संध्याकाळी इन्स्पेक्टर येतील, त्यांना लागेल. जिथं ऐकू नाही आलं तिथं चार टाका. आता माहीतच आहे आपल्याला."

मी टेबलाशी बसलो. लिहिलं: *च्तिर्झि लिदे ताम झूस्तालि.* चार माणसं तिकडे राहिली.

सुरेख वाक्य होतं. व्याकरणाची एक चूक नव्हती. मी ते पुन्हा वाचलं, मग ओठ हलवून वाचलं आणि थांबलो.

कुबीचेक असं म्हणालाच नव्हता.

*

ओस्त्रावात आम्हा परदेशी शिकाऊ लोकांना चेक शिकवायला पानी व्हाव्रोवा यायच्या. पानी म्हणजे बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, लहानखुऱ्या, हातात कायम लाल पेन्सिल. एका दिवशी त्यांनी नाशपत्यांची पिशवी आणली. एकेक फळ काढून टेबलावर मांडलं.

"एक माणूस आला," त्या म्हणाल्या. "दोन माणसं आली, तीन माणसं आली, चार माणसं आली. आता?"

त्यांनी पाचवं फळ ठेवलं.

"पाच माणसं आली," मी म्हणालो.

"नाही. पाच माणसांचं आलं."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. फळ्यावर लिहून दाखवलं. चारपर्यंत माणसं कर्ता असतात आणि क्रियापद त्यांच्यामागे चालतं. पाचापासून माणसांना षष्ठी लागते, 'माणसांचे' असं काहीतरी होतं त्यांचं, आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होऊन बसतं. मी वहीत लिहून घेतलं: चारपर्यंत लि. पाचापासून लो.

"पण पाचच का?" मी विचारलं.

"चार तुम्हाला एका नजरेत दिसतात. पाच मोजावे लागतात. जे मोजावं लागतं ते स्वतः काही करत नाही, मिस्टर आसुटकर. त्याचा आकडा करतो." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भाषेत कसं आहे?"

मी त्यांना दोघं, तिघं, चौघं सांगितलं. "आणि पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे तसा शब्द नाही."

"म्हणजे तुम्हीही चारालाच दमता," त्या म्हणाल्या, आणि एक नाशपती कापून आम्हाला वाटली.

तास संपताना त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात आणखी एक ओळ लिहिली होती. ती मी वहीत घेतली, पण खाली रेघ मारली नाही. *काही, थोडे, पुष्कळ, किती: हेही सगळे पाचासारखेच.*

*

मी कागद घेऊन बोगद्याच्या तोंडाशी धावलो. पोत्यांचा पहिला थर लागला होता.

"साहेब, थांबवा. पाचवा आहे आत."

"कोण पाचवा?"

"माहीत नाही."

"नाव?"

"नाही."

"बिल्ला?"

"नाही."

"मग आहे काय तुमच्याजवळ?"

"लो," मी म्हणालो.

 मागे विटा उतरवणारा एक जण खुदकन हसला. मी जमेल तितक्या थोडक्यात सांगितलं. चार असते तर कुबीचेक 'झूस्तालि' म्हणाला असता, तो 'झूस्तालो' म्हणाला. चाराला लो लागत नाही. कधीच लागत नाही.

"आणि तो 'माणसं' शब्द? त्याच्यावरून नाही कळत?"

"त्याच्यावरून कळलं असतं. शेवट दीर्घ असेल तर पाच. पण कुबीचेक ओस्त्रावाचा, साहेब. तो सगळंच ह्रस्व बोलतो. म्हणून तर मी आधी फसलो."

"अहो, डोकं फुटलंय त्याचं! डोकं फुटलेला माणूस व्याकरण सांभाळून बोलते का?"

"साहेब, तुमच्या बोटावर हातोडी पडली तर काय ओरडाल?"

"काय ओरडेन! मेलो, म्हणेन."

"मेले नाही म्हणणार?"

"मेले कशाला म्हणेन? मी बाई आहे का?"

"कितीही जोरात लागलं तरी?"

 झाडे पोत्यावर बसून पाणी पीत होता. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"हे बराबर हाय, साहेब," तो म्हणाला. "आमचा बुडा बाप तीन दिस तापात बरळत होता. कोणाले ओळखे नाई. पर पाणी मांगे तवा 'मी थकलो' म्हणे, 'मी थकली' नाई म्हटलं एकडावही."

"झाडे, तू यात पडू नको."

"पडाचं तं मलेच हाय, साहेब. आत तुमी थोडीच जाता?"

देशकर साहेबांनी ते कानांआड केलं. वाईट माणूस नव्हता तो. गेल्याच वर्षी दुसऱ्या एका खाणीत चार जणांना शोधायला नऊ जण गेले होते आणि तेरा तिरड्या निघाल्या होत्या. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"पाचापासून म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं. "पाच? सहा? की पंधरा?"

"पाच किंवा जास्त."

"किंवा जास्त!" त्यांनी हात कपाळाला लावला. "झाडेची सात माणसं मी 'किंवा जास्त'साठी आत पाठवू? नागपूरला फोनवर काय सांगू, की व्याकरणात बसतात तेवढे आहेत आत? आसुटकर, मला आकडा द्या. आकडा असला तर मी फोन करतो, पाऊण तास मागून घेतो. नसला तर भिंत."

गवंड्यांनी हात थांबवले होते. बोगद्यातून धूर येत होता, फार नाही, चुलीतून येतो तेवढा.

फळ्याच्या कोपऱ्यातली ओळ मला आठवली ती तेव्हा. कुबीचेक 'काही माणसं' म्हणाला असेल, तर त्यालाही लो. मग ते चारच, आणि ते बाहेर आलेले. मग झाडेची सात माणसं कुणासाठीच आत जाणार नव्हती.

"पाच," मी म्हणालो.

"नक्की?"

"प्येत म्हणाला तो. आत्ता आठवलं. शिट्टीच्या आधी मी ऐकलं होतं. प्येत म्हणजे पाच."

शिट्टीच्या आधी मी काहीही ऐकलं नव्हतं.

देशकर साहेब वळले आणि ऑफिसच्या दिशेनं जवळजवळ पळत गेले. ते फोनवर इंग्रजीत ओरडत होते ते बाहेर ऐकू येत होतं. "फाइव्ह! ही सेड फाइव्ह! द इंटरप्रिटर हर्ड इट!"

*

झाडेनं नळी तोंडात घेण्याआधी मला बाजूला ओढलं.

"बाबू, एक सांगा. चार आले. म्हणजे आता एकच न? एक भेटला का वापस?"

"एकच," मी म्हणालो.

"पट्ट्याच्या मागं?"

"पट्ट्याच्या मागे."

"नाव असतं तं आवाज देल्ला असता," तो म्हणाला. मग हसला. "चाला, लो म्हणून आवाज देतो." आणि त्यानं नाकाला चिमटा लावला.

ते दोन वाजून पाच मिनिटांनी आत गेले. नवी मुनिया नेली. मी रुळाशेजारी उभा होतो. पंधराव्या मिनिटाला आतून दगड पडल्याचा आवाज आला आणि धूर गडद झाला. झाडेची बायको विटांच्या ढिगापाशी आली होती.  एका बाईनं तिला विचारलं, "काऊन गेला आणखी? चारही भेटले म्हणत होते न?" ती म्हणाली, "त्या बाबूनं धाडलं." मी नकाशांच्या गुंडाळीसारखा ताठ उभा राहिलो.

दोन वाजून बावन्न मिनिटांनी घंटा वाजली.

ट्रॉलीवर झाडेचे सहाही जण होते. झाडे पायीच मागून येत होता. ट्रॉलीत आठवा माणूस होता. पन्नाशीचा, उघडाबंब, डोक्याला फडकं बांधलेला. छाती वरखाली होत होती.

"जिता हाय!" झाडेनं नळी थुंकली. "जिता हाय, साहेब! पट्ट्याच्या मागं, भितीले टेकून बसला होता!"

माणसं ओरडली. कुणीतरी शिट्टी मारली. बत्तीघराचा कारकून धावत आला, त्यानं त्या माणसाच्या तोंडावरचं काळं पुसलं आणि म्हणाला, "हा आपला नाही. हा ठेकेदाराचा. छताला टेकू लावायची लाकडं आणतात त्यांच्यातला. सोमा कन्नाके. यांना बिल्ले नसतात."

देशकर साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आसुटकर," एवढंच म्हणाले ते. 

झाडे जमिनीवर बसून बूट काढत होता. त्याच्या उजव्या कानाची पाळी भाजली होती. मी त्याला पाणी दिलं. तो तांब्यातून घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "मागं आणखी जागा होती, बाबू. वीस-पंचीस फूट असन. हवाही बरी होती तिकडं. पर एक भेटला न, तं वापस आलो. छत बोलत होतं."

 मुकादमानं गवंड्यांना हाक मारली. पोत्यांचा दुसरा थर लागेपर्यंत मी तिथंच उभा होतो. थर लागायला चार-पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात 'किंवा जास्त' हे दोन शब्द बोलून झाले असते. मी ते बोललो असतो तर प्येत ऐकलं नव्हतं, हेही मला सांगावं लागलं असतं.

भिंत साडेपाचला पुरी झाली. वरून गारा लिंपला.

*

संध्याकाळी इन्स्पेक्टरनं घेतलेल्या जबाबातला भाग. नक्कल माझ्याकडे अजून आहे.

प्रश्न: कुबीचेक यांचं वाक्य आपण पूर्ण ऐकलं?

उत्तर: होय.

प्रश्न: त्यात 'पाच' हा शब्द होता?

उत्तर: होय.

प्रश्न: आधी तो ऐकू आला नाही असं आपण म्हणाला होतात.

उत्तर: गडबडीत लक्षात आलं नाही. मग वाक्य लिहायला बसलो तेव्हा क्रियापदावरून लक्षात आलं.

प्रश्न: क्रियापदावरून आकडा कळतो?

उत्तर: चेक भाषेत कळतो.

(साक्षीदारानं नियम समजावून सांगितला. तो जबाबाला जोडला आहे.)

इन्स्पेक्टरनं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "कमाल आहे. आम्हाला शाळेत विभक्ती चुकली की छडी मिळायची. इथं माणूस मिळाला." देशकर साहेब मोठ्यानं हसले. हे वाक्य ते पुढे निवृत्त होईपर्यंत खाणीवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत, आणि मी आसपास असलो तर मला बोलावून उभं करत.

*

तिसऱ्या दिवशी मी नागपूरला दवाखान्यात गेलो. एकाच वॉर्डात दोघं होते. सोमा कन्नाके खिडकीजवळच्या खाटेवर. डोळे उघडे, पण वाचा गेलेली. वायूनं असं होतं, डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी जवळ गेलो तर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उजवा हात थोडा उचलला. मला वाटलं नमस्कार करतो आहे. मीही नमस्कार केला.

कुबीचेकच्या डोक्याला मोठं बँडेज होतं. त्यानं मला ओळखलं.

"सगळे?" त्यानं त्याच्या भाषेत विचारलं.

"पाच जण बाहेर काढले," मी म्हणालो.

"पाच," तो म्हणाला. तो छताकडे बघत होता. "पट्ट्याचा आवाज आठवतो. मग एकदम नर्स."

"तुम्ही मला काही सांगितलं होतं. ट्रॉलीत."

"मी? काय सांगितलं?"

मी खिशातून कागद काढला. त्यावर ते वाक्य लिहिलं होतं, आकड्याची जागा सोडून.

*.......... लिदी ताम झूस्तालो.*

"इथं काय होतं?" मी विचारलं.

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. गृहपाठ तपासावा तसा वाचला. 'लिदी'च्या दीर्घ ईकाराकडे पाहून जरा हसला.

"असं मी म्हणालो नसेन. मी ओस्त्रावाचा. आमची चोच आखूड."

"पण आकडा?"

"आकडा?" त्यानं मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं पाच बसेल. सहा बसेल. शंभर बसेल. थोडे, काही, पुष्कळ. चाराच्या पुढचं काहीही बसेल. व्याकरणाला सगळं चालतं." त्यानं कागद परत दिला. "कशाला विचारता? शिकवणार आहात का कुणाला?"

"नाही," मी म्हणालो. "सराव."

"चांगलं करता," तो म्हणाला. "फार लोक चुकतात यात. आमचेसुद्धा."

नर्सनं येऊन मला जायला सांगितलं. बाहेर पडताना मी सोमाच्या खाटेशी पुन्हा थांबलो. त्याचा हात अजून तसाच, थोडा उचललेला होता. बोटं काही मागत असल्यासारखी. नर्स म्हणाली, सारखं असंच करतो, पाणी दिलं तर नको म्हणतो. मी त्याचा हात धरून चादरीवर ठेवला.

*

छत बसलं त्या दिवशी सकाळी सव्वानऊला टेकूच्या लाकडांची ट्रॉली खाली सोडली, तेव्हा तिच्यावर सोमा कन्नाके आणि त्याचा जावई लिंगू शेडमाके बसले होते. भिंत पुरी होईपर्यंत वर एकटा सोमा आला होता.